गढीत आधीपासून राहणारे : एका दुरुस्तीच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

गढीचं मोजमाप सुरू केलं. येडशी आणि तेर यांच्या मधल्या पट्ट्यात, बालाघाटाची उतरण संपून काळी जमीन लागते तिथं ही गढी आहे. गावाचं नाव या नोंदींत लिहायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय. घुबडाच्या घरट्याचा पत्ता एकदा फुटला की लोक कॅमेरे घेऊन शिड्या लावतात आणि मग घरटं टिकत नाही.

बांधणी धाराशिव-लातूरकडच्या इतर गढ्यांसारखीच. खाली पुरुषभर उंच घडीव काळा दगड, त्यावर पांढऱ्या मातीची भिंत, बुडाशी सहा फूट रुंद आणि वर निमुळती. बुरूज चार, त्यातला आग्नेयेचा निम्मा ढासळलाय. पूर्वेला दरवाजा, आत दोन्ही हातांना देवड्या, म्हणजे पहारेकऱ्यांच्या बसायच्या जागा, वर नगारखाना. चौकाभोवती चार सोपे, म्हणजे चौकाकडं उघड्या ओसऱ्या होत्या. आज दक्षिणेचा एकच सोपा उभा आहे, माळवदासकट, म्हणजे वरच्या मातीच्या सपाट छपरासकट. त्याच्या एका खणाला लाकडाऐवजी रुळाचा तुकडा तुळईसारखा घातलेला सापडला, आजच्या रुळांपेक्षा बारीक. तो बार्शी लाइट रेल्वेचा, असं म्हातारी माणसं सांगतात. अडीच फुटी गेजची ती गाडी १९११ साली लातूरला पोचली. तुकडा जागेवरच ठेवायचा, फक्त गंज खरवडून तेल द्यायचं.

मालक पुण्याला असतात. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या: पडू देऊ नका आणि लॉज करू नका. त्यापुढचं आमच्यावर सोडलंय. तेर, येडशी, धाराशिवची लेणी असा फेरा मारणारे सायकलवाले हिवाळ्यात या रस्त्यानं जातात, त्यांना रात्रीपुरता आसरा मिळावा एवढंच मनात आहे.

१९ जानेवारी

हातोडी लावायच्या आधी आत कोण कोण राहतं ते बघायचं, हे पहिलं काम. वनरक्षक दादा, शाळेचे गुरुजी आणि मी पहाटे आणि दिवेलागणीला चौकात गप बसून राहिलो.

वायव्य बुरुजाच्या आतल्या कोनाड्यात गव्हाणी घुबडांची जोडी आहे. खाली दगडावर पांढरे ओघळ आणि ओकलेल्या गोळ्यांचा खच. गुरुजींनी त्यातल्या काही शाळेत नेऊन पोरांसमोर पाण्यात सोडवल्या. उंदरांच्या कवट्या, चिचुंद्रीचे पांढरे टोकदार दात, सगळं केसांत गुंडाळलेलं. सोयाबीन आणि हरभऱ्याच्या गावात ही जोडी काय काम करते ते पोरांना सांगावं लागलं नाही.

दरवाजाच्या कमानीखाली पाकोळ्यांची वसाहत आहे. पिसं आणि काड्या थुंकीनं चिकटवून केलेली घरटी, एकाला एक लागून. तीच घरटी त्या पुन्हा पुन्हा वापरतात, म्हणून कमानीच्या पोटाला ना रंग, ना घासणं. तळघरात लांब शेपटीची वटवाघळं. दक्षिण भिंतीच्या भोकांत पोपट, साळुंक्या आणि पिंगळ्यांची एक जोडी. आग्नेय बुरुजाचा जो ढिगारा पडलाय त्याच्या उभ्या कापात वेड्या राघूंची गेल्या हंगामातली बिळं. नगारखान्याच्या बाहेर आग्या मोहोळाचे मेणाचे डाग. घोरपड दिसली, धामणीची कात मिळाली.

गाव म्हणतं गढी ओसाड पडलीय. माणसांपुरतं ते खरं आहे.

दादांनी अभयारण्यातली बातमीही सांगितली. येडशी रामलिंग अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटरचं, १९९७ साली जाहीर झालेलं. तिथं डिसेंबरात ट्रॅप कॅमेऱ्यात वाघ आला. अंगावरच्या पट्ट्यांवरून तो यवतमाळच्या टिपेश्वरचा ठरला. चार-पाचशे किलोमीटर शेतं, रस्ते, नदीनाले ओलांडून तो बालाघाटात आलाय. ज्या वाटांनी आम्ही सायकली न्यायचं म्हणतोय त्याच झाडोऱ्याच्या पट्ट्यांनी जनावरंही फिरतात, हे आराखडा करताना डोळ्यांसमोर ठेवायला हवं.

२ फेब्रुवारी

मारुतीच्या पारावर बैठक. लोक चुन्याबद्दल, पैशाबद्दल विचारतील असं वाटलं होतं. विचारलं ते किल्लारीच्या भूकंपाबद्दल.

एक आजी, माहेर औसा तालुक्यातलं, उठून बोलल्या. "माळवद ऱ्हाऊ द्या म्हणता. पर त्याच्याखाली निजवणार कुनाला? आमी त्या रातीपासून माळवदाखाली पाठ टेकली न्हाई."

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारला थोडा वेळ कमी होता, गणपती नुकतेच बोळवून लोक झोपले होते. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत दहा हजारांच्या जवळपास माणसं गेली. भूकंपाइतकंच घरांनी मारलं. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर फूट-दोन फूट मातीचं माळवद. त्यानंतर या भागात कितीतरी माणसांचा दगडी भिंतीवरचा भरवसा गेला आणि कितीतरी जुने वाडे लोकांनी स्वतः सोडले. गढ्या ओस पडण्यामागं वाटण्या आहेत, शहराकडची ओढ आहे, तशी ती रात्रही आहे. आजींचा प्रश्न टाळून पुढं जाता येणार नाही.

लातूरहून आलेल्या अभियंता ताईंनी पारावर बसूनच समजावून सांगितलं. आपली जुनी दगडी भिंत दिसते एक, पण असतात दोन. आतला दर्शनी थर, बाहेरचा दर्शनी थर आणि मधे गोटे-मातीची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नसला की हादऱ्यात भिंत पोट काढते आणि फुटते. वर माळवदाचं वजन. दहा बाय दहा फुटांच्या जागेवर एक फूट माती म्हणजे साडेचार टनांच्या आसपास भार. आणि ती एक फूट राहतच नाही. दरसाल मिरगाच्या आधी गळती थांबवायला नवी पांढरी माती टाकायची, जुनी काढायची नाही. दोन पिढ्यांत जाडी दुप्पट होते. आमच्या सोप्यावर दांडकं घालून मोजलं तर अडीच फूट भरली.

किल्लारी भागात काही घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला, भिंती ढासळल्या आणि आतली माणसं वाचली. म्हणजे सांगाडा चांगला असेल आणि वजन कमी असेल तर ही बांधणी मुळातच मारक नाही. भूकंपानंतर जी घरं दुरुस्त झाली तिथं हेच सांगितलं गेलं होतं: माती उतरवा, भिंतीत आरपार दगड घाला, खांब आणि तुळई जिथं भेटतात तिथं तिरपे टेकू द्या, भिंतीच्या माथ्याला सगळीकडून एक पट्टा बांधा.

बैठकीतच ठरलं. सोप्याची माती आठ इंचांवर आणायची, टेकू द्यायचे, ओट्याच्या दगडी भिंतीत दर चार फुटांवर आरपार दगड बसवायचा. आणि एवढं करूनही पाहुणा माळवदाखाली झोपणार नाही. मुक्काम चौकात, बांबूच्या हलक्या छपराखाली. सोपा दिवसा बसण्याला, जेवायला.

उठताना आजींनी आणखी एक सांगितलं. "दारं भाईर उघडू द्या. त्या राती दारं दबली, कुनाला ओढता आली न्हाईत." आराखड्यात घातलं.

२३ फेब्रुवारी

दिनदर्शिका बनवली. भिंतीवर मोठा कागद, आडवे बारा महिने, उभ्या ओळीत एकेक प्राणी आणि एकेक काम.

अडचण लगेच दिसली. चुन्याचं काम कार्तिक ते माघ या दिवसांत उत्तम होतं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो आणि त्याला तोवर ओल लागते. आपल्या उन्हाळ्यात, चाळीस अंशांच्या पुढं, कोरड्या वाऱ्यात ओल आधी उडते आणि गिलावा नुसती पूड होऊन झडतो. पावसाळ्यात तर बोलायलाच नको. म्हणजे थंडी हाच हंगाम, आणि आमची घुबडं थंडीतच पिल्लं काढतात, हे पायथ्याशी राहणाऱ्या घरांनी वर्षानुवर्षं पाहिलंय. अंडी उबवायला महिनाभर, पिल्लं उडायला पुढं दोन महिने. तेवढा काळ वायव्य बुरूज बंद.

राघूंचं उलटं. ते उन्हाळ्यात मातीच्या कापात बिळं करतात, आणि ढासळलेल्या बुरुजाची माती मुरवायला आम्हाला उन्हाळ्यातच हवी. वटवाघळांच्या माद्या उन्हाळ्यात पिल्लं पोटाशी घेऊन असतात, म्हणून तळघर पावसाळा उलटेपर्यंत नाही. आग्या मोहोळ कधी येईल, कधी उठेल, त्याचं तेच जाणे. ते असेल तोवर नगारखान्याला हात लावायचा नाही, धूर करायचा नाही.

एक ठेकेदार येऊन बघून गेले. म्हणाले, जाळी मारा, भोकं बुजवा, चार महिन्यांत काम हातावेगळं करतो. त्यांना नको म्हणून सांगितलं. एकेक भाग ज्याच्या त्याच्या सुट्टीत करायचा, दोन हिवाळे लागले तर लागू द्या.

९ मार्च

डाव्या देवडीतला सिमेंटचा गिलावा काढला. काही वर्षांपूर्वी भिंत नीटस दिसावी म्हणून कुणीतरी मारून घेतलेला. पहारीचं टोक लावलं आणि दारभर मोठा सलग पापुद्रा खाली आला. मागची माती शिजवलेल्या कण्यांसारखी मऊ. मातीची भिंत पाणी घेते आणि सोडते, असंच तिचं चालतं. पावसात ओली होते, वाऱ्या-उन्हात सुकते. वरून सिमेंट मारलं की जमिनीतून चढणारी ओल आणि माथ्यावरून झिरपणारं पाणी आत अडकतं, बाहेर यायला वाट राहत नाही. वरून भिंत कोरडीठाक दिसते आणि आतून कुजते.

या गढीवर सिमेंट नाही. एका पायरीलासुद्धा नाही.

जी भिंत श्वास घेते तिच्याच भेगांत पिंगळा राहतो, पाल राहते, गांधीलमाशी घर करते. प्रत्येक भोक बुजवायचं नाही हे गवंडी मामांना पटायला थोडा वेळ लागला. त्यांच्या हाताला गुळगुळीत भिंतीची सवय. आता तेच खडूनं खुणा करतात: फुली म्हणजे बुजवा, गोल म्हणजे ठेवा. जिच्यातून पाणी भिंतीत उतरतं ती भेग फुलीची. छपराच्या आडोशाखालची, आत उतार नसलेली भेग गोलाची.

२० एप्रिल

आग्नेय बुरुजाची माती चाळली. पडलेली माती हाच नव्या भिंतीचा माल. पांढऱ्या मातीत चुनखडीचा अंश असतो आणि ती भिजून वाळली की घट्ट बसते, म्हणूनच गढ्यांच्या भिंती आणि माळवदं तिचीच. म्हणूनच लोक गढ्या खणून नेतात. घराच्या धाब्याला दोन टोपली, शेतात चार ट्रॉल्या, असं करत मराठवाड्यातल्या कितीतरी गढ्यांच्या जागी आता नुसती टेकाडं उरलीत. इथंही पश्चिमेकडून कोरलेलं आहे. सरपंचांनी दवंडी दिली. त्यानंतर कुणी फावडं लावलेलं नाही, ही गावाची मोठी मदत.

ढिगाऱ्याच्या दक्षिण कापात राघू आले. एकेक पक्षी चोचीनं खणतो आणि पायांनी माती मागं उडवतो. तेवढी बाजू दोरी लावून सोडली, माती उत्तरेकडून घेतली. हा काप पुढंही असाच ठेवायचा ठरलं. बुरूज पुन्हा उभा राहिला तरी पायथ्याशी दहा-बारा फुटांचा उभा मातीचा बांध राघूंसाठी राहील.

१८ मे

टँकर सुरू. गढीच्या आडाचं पाणी आधी गावाला, उरलं तर कामाला. काम थांबवलं. सावलीत करण्याजोगं एकच केलं: कळीचा चुना आणून हौदात विरवला. पाणी पडल्याबरोबर तो फुटतो, उकळतो, लांब उभं राहावं लागतं. शमल्यावर वर वीतभर पाणी ठेवून झाकला. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही.

८ जून

मिरगाचा पहिला पाऊस. सगळ्या भिंतींच्या माथ्यावर मातीचा गिलावा, त्यात गव्हाचा भुसा आणि शेण, आणि वर गवताची ढेकळं उलटी-सुलटी बसवली. जमिनीखाली मुळं बारीक जाळं करतात आणि थेंबाचा मार गवतावर बसतो, मातीवर नाही. पिंपळ-वडाची रोपं मात्र दिसतील तशी काढायची. मोठं खोड भिंतीत गेलं असेल तर उपटायचं नाही. बुडाशी कापून मुळं जागीच मरू द्यायची, उपटलं तर भिंतच हातात येते.

१७ ऑगस्ट

सायकलची वाट पायी तपासली. येडशीकडून येणारा डांबरी रस्ता, मग तीन किलोमीटर पाणंद, मग माळाच्या कडेनं गाडीवाट, पुढं तेरचा रस्ता.

पाणंद जून ते ऑक्टोबर विसरायची. काळी माती चाकाला आणि चिमट्याला अशी बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि त्या रेट्यात शेतकऱ्याचा बांध तुटतो ते वेगळंच. पावसाळ्यात डांबरीनंच या, असं सरळ लिहिणार. दुसरं म्हणजे काटे. वेडी बाभूळ दोन्ही बाजूंनी वाढलीय, वाटेवर सराटे. शहरातून गुळगुळीत टायरवर येणाऱ्यांचं पहिल्याच मैलाला पंक्चर. देवडीत पंप, ठिगळं, सोल्युशन आणि पाण्याचं घमेलं कायम ठेवायचं. गावात पंक्चर काढणाऱ्या पोराचं दुकान आहे, पाटीवर त्याचंही नाव लावू.

माळाचा भाग नाजूक. बघणाऱ्याला तो पडीक वाटतो. उन्हाळ्यात टिटवी आणि चंडोल तिथं उघड्या जमिनीवर अंडी घालतात, खड्यांच्या रंगाची, पायाखाली आली तरी कळत नाहीत. हिवाळ्यात भोवत्या ससाणे उत्तरेकडून येतात आणि रात्री गवतातच जमिनीवर उतरून झोपतात. लांडगे आहेत, काळवीट आहेत. म्हणून गाडीवाटेच्या दोन चाकोऱ्यांबाहेर सायकल घालायची नाही. माळावर दगडांची रास, चुन्याच्या खुणा, बाण असलं काही करायचं नाही. जीपीएसचा माग मुक्काम ठरलेल्यालाच द्यायचा. अभयारण्याच्या हद्दीतली वाट आम्ही आमच्या नकाशावर दाखवतच नाही. तिथं वनविभागाची परवानगी आणि त्यांचे नियम.

अंधारात सायकल नाही, हा नियम दोघांच्याही भल्याचा आहे. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या रात्रभर धावतात, कित्येकांच्या मागं लाल दिवा नसतो. आणि दिवेलागणीनंतर तरस, कोल्हे, ससे रस्ता ओलांडतात. सूर्य मावळायच्या आधी गढीत, उजाडल्यावर बाहेर.

२८ सप्टेंबर

आठवडाभर थांबलेला नाही. असा पाऊस इथल्या म्हाताऱ्यांनीही पाहिला नाही. परंडा-भूमकडची गावं पाण्यात, माणसं छपरांवरून काढावी लागली. तेरणा दुथडी. सोयाबीन शेतातच कुजलं, कितीतरी शिवारांत मातीच वाहून गेली. या आठवड्यात गढीचं काम हा विषयच नव्हता. सोप्यात गंजीचा चारा आणि नदीकाठच्या वस्तीवरची जनावरं आणून बांधली, चौकात चूल पेटवली. माणसं शाळेत.

आज उघडीप मिळाली तशी पाहणी केली. आग्नेय बुरुजाच्या उघड्या तोंडाकडून हातभर माती आणखी गेली. पश्चिमेला जिथं पूर्वी खणलं होतं तिथं भिंतीचा एक तुकडा बसला. गवत लावलेले माथे टिकले, एकाही ठिकाणी ओघळ पडलेला नाही. सोप्याची माती आठ इंचांवर आणलेली होती. भिजून तिचं वजन वाढलं तरी तुळया वाकल्या नाहीत. ती अडीच फूट असती आणि इतकी भिजली असती तर काय झालं असतं याचा हिशोब अभियंता ताईंनी फोनवर सांगितला. तो ऐकून मामा बराच वेळ सोप्याकडं बघत उभे होते.

तळघरात गुडघाभर पाणी. वटवाघळं वरच्या कमानीला सरकलीत. पाणी उपसायला इंजिन लावायचं नाही. धूर आणि आवाज दोन्ही नको. घमेल्यांनी काढलं.

३० सप्टेंबर

किल्लारीला आज बत्तीस वर्षं झाली. काम बंद ठेवलं.

९ नोव्हेंबर

हौद उघडला. चुना पांढराशुभ्र, फावड्याला चिकटणारा. वाळू, वीटभुकटी, चुना घाणीत घातला. दगडी चाक गावात पडून होतं, ते उचलून गोल चरात बसवलं आणि एका शेतकऱ्यानं बैल दिले. वीटभुकटीमुळं चुना ओलीतही धरतो. गूळ आणि बेलफळाचं पाणी, हिरड्याचा काढा, ताग बारीक कापून. उडदाचं पाणी घालायचं का यावर मामा आणि त्यांचे थोरले भाऊ यांच्यात दिवसभर वाद चालला. शेवटी दोन फळ्यांवर दोन नमुने लावून ठेवले. महिन्यानं नखानं खरवडून बघायचं.

दोन्ही देवड्यांचा गिलावा सुरू. ओलं बारदान दिवसातून चार वेळा शिंपायचं. बायांनी पाळ्या लावून घेतल्यात.

दरवाजाची कमान जशीच्या तशी. घरट्यांच्या खाली फूटभर रुंद लाकडी फळी ठोकली, म्हणजे विष्ठा पाहुण्यांच्या सामानावर पडणार नाही आणि पाकोळ्यांची ये-जा मोकळी राहील.

२३ नोव्हेंबर

तळघराचं दार बसवलं. वटवाघळं बाहेर पडल्यावर सुरुवात केली, पहाटेच्या आत आटोपलं. उभे गज नाहीत, आडवे, आणि दोन गजांमध्ये पावणेसहा इंचांची फट. एवढ्यातून ती पंख मिटून सुटतात आणि माणूस आत शिरू शकत नाही. वेल्डरनं सगळं वर्कशॉपात जोडून आणलं होतं, इथं फक्त पाचर आणि बोल्ट. दुसऱ्या संध्याकाळी आम्ही चौकात बसून पाहिलं. पहिली काही दारापाशी गरगरून मागं फिरली. मग एक सुटलं, आणि त्याच्यामागं सगळी ओळ लागली. मामांनी टोपी काढून हातात घेतली.

१९ डिसेंबर

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, शेतात जाऊन जेवायचा सण. गाव रिकामं, सगळी शिवारात. कडब्याच्या कोपीत पांडव मांडलेले, भज्जी, उंडे, आंबिल. पावसानं एवढं नेलं तरी रब्बीची ज्वारी उभी आहे, आणि येळवस कुणी सोडली नाही.

पहिली सायकल टोळी काल लातूरहून आली. आम्ही हाच दिवस मुद्दाम दिला होता. रात्री चौकात झोपले, सकाळी शेतांत फिरले. इथं येळवशीला वाटसरूला जेवल्याशिवाय सोडत नाहीत, त्यामुळं चार शेतांत चार वेळा जेवून तेरला निघायला दुपार झाली. तेरात गोरोबाकाकांची समाधी, त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ आणि लामतुरे संग्रहालय. दोन हजार वर्षांपूर्वी तगर नावानं हे गाव रोमच्या व्यापाऱ्यांना माहीत होतं. तिथली मातीची खेळणी आणि भांडी पाहून आलेल्यांनी गढीची भिंत परत हात लावून पाहिली, असं बचत गटाच्या ताई सांगत होत्या.

जेवण गटाकडंच आहे: ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगाची चटणी, सकाळी धपाटे. पैसे थेट गटाच्या खात्यावर. एकाच वेळी दहाच्या वर माणसं घ्यायची नाहीत. आडाचं पाणी आणि गटाच्या चुली तेवढ्याच आहेत.

११ जानेवारी २०२६

वायव्य बुरुजात पिल्लं आहेत. फुत्कार खालपर्यंत ऐकू येतो. दोर लावलाय, पाटी लावलीय, कुणी विचारलं तर घरट्याचा रस्ता दाखवायचा नाही. उजेडाचीही सोय बदलली. चौकातले दिवे कमरेच्या खाली, पिवळसर, वरून झाकलेले; रात्री दहाला बंद. बुरुजाकडं एकही नाही. एका पाहुण्यानं डोक्यावरच्या बॅटरीचा झोत कोनाड्यात टाकला. राखण करणाऱ्या आण्णांनी त्याला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं आणि मग पहाटे चौकात शेजारी बसवून मादीची खेप दाखवली. तो माणूस पुढच्या महिन्यात पोरांना घेऊन येतोय.

गावात अजून काहींना घुबड घरात नको वाटतं. त्यावर वाद घालत नाही. गुरुजींची पोरं गोळ्यांतल्या कवट्या पुठ्ठ्यावर डकवून घरोघर नेतात, तेवढं पुरतं.

१५ फेब्रुवारी

आग्नेय बुरुजाचे तीन थर चढले. हातभर उंचीचा एक थर, तो पायानं तुडवून, थापीनं ठोकून, पुरता वाळल्यावरच पुढचा. घाई केली तर खालचा फुगतो. उडदाचा आणि बिनउडदाचा, दोन्ही नमुने नखाला सारखेच लागले. मामा आणि त्यांचे भाऊ दोघंही आपापल्या मतावर आहेत.

वेडे राघू दोरीच्या आतल्या कापाकडं घिरट्या घालू लागलेत, म्हणून त्या बाजूचं काम आजपासून बंद. चौथा थर उत्तरेच्या अंगानं होळीनंतर, पाणी असेल तर. नगारखान्याला यंदा मोहोळ लागलंय, तो पुढच्या हिवाळ्यावर गेला. वायव्य बुरूज पिल्लं उडाल्यावर एकदा आतून तपासायचा, तोवर बाहेरून फक्त भेगांची मापं घेणं चालू.

एप्रिल ते जून मुक्काम बंद. पाणी नसतं आणि माळावर टिटव्यांची अंडी असतात. जुलैपासून डांबरीनं येणाऱ्यांनाच, पाणंद दिवाळीनंतर. चुन्याचा नवा हौद परवा भरायचा आहे, दोन गाड्या कळी सांगितलीय.